विद्यार्थ्याचें मत व विद्यार्थ्याचें पत्र

लोकसत्तेच्या इतिहासांत मोठमोठ्या सभा, जाहीरनामे व राज्यक्रांत्या यांचें वर्णन विपुल आढळतें. परंतु मतदारांच्या यादींत एकादें नांव कसें चढतें, किंवा सामान्य माणसानें आपल्या प्रतिनिधीस धाडलेल्या पत्राचें पुढें काय होतें, या गोष्टींकडे इतिहासकारांचें लक्ष सहसा जात नाहीं. वस्तुतः नागरिकाच्या हातीं प्रत्यक्ष येणारीं साधनें हीं दोनच. मतानें तो राज्यकर्ता निवडतो, आणि दोन निवडणुकांच्या मधल्या काळांत पत्रानें तो त्या राज्यकर्त्यास आपल्या अस्तित्वाची आठवण देतो. बाकीचा सारा डोलारा या दोन खांबांवर उभा आहे.

हीं साधनें ज्याच्या हातांत सर्वांहून अधिक डळमळतात, तो वर्ग म्हणजे कॉलेजांत शिकणाऱ्या तरुणांचा. कायद्यानें तो सज्ञान झालेला असतो. पण त्याचें घर एका गांवीं आणि वसतिगृह दुसऱ्या गांवीं. गांवकरी म्हणतात, तो आतां शहराचा झाला. शहरवासी म्हणतात, तो चार दिवसांचा पाहुणा. दोहोंच्या मध्यें त्याचें मत मात्र कोठेंच नोंदलें जात नाहीं. हा प्रश्न किरकोळ नाहीं, हें दाखविण्यासाठीं आम्ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील दोन हकीकती वाचकांपुढें ठेवणार आहों. त्या देशाच्या राज्यघटनेची सव्विसावी दुरुस्ती अवघ्या शंभर दिवसांत मंजूर झाली; इतकी त्वरा दुसऱ्या कोणत्याहि दुरुस्तीच्या वाट्यास आली नाहीं. तिच्याच पाठची सत्ताविसावी दुरुस्ती मंजूर होण्यास दोनशें दोन वर्षें लागलीं. इतका विलंबहि दुसऱ्या कोणत्याच दुरुस्तीस लागला नाहीं. पहिलीनें विद्यार्थ्यास मत दिलें. दुसरी एका विद्यार्थ्याच्या पत्रांनीं जागी झाली. आणि योगायोग असा कीं, दोहोंच्या कथेंतील मर्माचा भाग टेक्सस या एकाच राज्यांत घडला.

प्रथम मताची हकीकत पाहूं. एकवीस वर्षें पूर्ण झाल्यावांचून मनुष्य सज्ञान होत नाहीं, हा दंडक अमेरिकेनें इंग्लंडच्या जुन्या कायद्यापासून घेतला. चिलखताचें ओझें पेलण्याइतकें अंग त्या वयांत भरतें, म्हणून सरदारांच्या युगांत ती मर्यादा पडली, असें सांगतात. चिलखतें गेलीं, तरी मर्यादा राहिली. दुसऱ्या महायुद्धांत १९४२ सालीं सक्तीच्या लष्करभरतीचें वय अठरावर आलें, तेव्हां या मर्यादेंतील विसंगति लोकांच्या डोळ्यांत भरली. ज्यास बंदूक देतां, त्यास मतपत्रिका कां देत नाहीं, हा प्रश्न इतका सरळ होता कीं, त्यास उत्तर देणें कठीण होतें. वेस्ट व्हर्जिनिया राज्याचे प्रतिनिधि जेनिंग्ज रँडॉल्फ यांनीं त्याच वर्षीं मताधिकाराचें वय अठरावर आणणारी घटनादुरुस्ती काँग्रेसांत मांडली. ती मंजूर झाली नाहीं. त्यांनीं ती पुन्हा मांडली, आणि अशी एकंदर अकरा वेळां मांडली. दरम्यान जॉर्जिया राज्यानें १९४३ मध्यें व केंटकी राज्यानें १९५५ मध्यें आपापल्यापुरतें वय अठरावर आणलें. परंतु बहुतेक राज्यें एकविसाच्या अंकास चिकटून राहिलीं.

व्हिएतनामच्या युद्धानें हा प्रश्न पुनः पेटला. १९७० च्या जून महिन्यांत काँग्रेसनें साध्या कायद्यानें सर्व निवडणुकांसाठीं वय अठरा केलें. कायद्यास लगेच आव्हान मिळालें, आणि २१ डिसेंबर १९७० रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें मोठा चमत्कारिक निकाल दिला. अध्यक्ष व काँग्रेस यांच्या निवडणुकीपुरता कायदा वैध. राज्यांच्या व स्थानिक निवडणुकींपुरता अवैध! न्यायाधीशांपैकीं चौघे एका बाजूस व चौघे दुसऱ्या बाजूस होते. न्यायमूर्ति ह्यूगो ब्लॅक यांच्या एका मतानें हा मधला मार्ग निघाला. परिणाम असा झाला कीं, अठरा वर्षांच्या मुलास अध्यक्ष निवडतां यावा, पण गांवचा नगराध्यक्ष निवडतां येऊं नये. आणि प्रत्येक राज्यानें मतदारांच्या दोन दोन याद्या व दोन दोन मतपत्रिका ठेवाव्या. तत्त्वानें जें अठ्ठावीस वर्षांत साधलें नाहीं, तें दुहेरी याद्यांच्या खर्चाच्या भयानें साधलें. सीनेटनें १० मार्च १९७१ रोजीं ९४ विरुद्ध ०, व प्रतिनिधिगृहानें २३ मार्च रोजीं ४०१ विरुद्ध १९ मतांनीं दुरुस्ती मंजूर केली. आणि १ जुलै १९७१ रोजीं तीनचतुर्थांश राज्यांची संमति पुरी झाली. एक कोटीहून अधिक तरुण एका झटक्यांत मतदार झाले. रँडॉल्फ त्या वेळीं सीनेटचे सभासद होते. आपल्या हट्टाचें फळ त्यांस याच डोळ्यांनीं पाहावयास मिळालें.

येथें सामान्य इतिहासग्रंथ थांबतात. पण आमच्या मतें खरी कथा येथेंच सुरू होते. कारण मताधिकाराच्या घरास दोन दरवाजे असतात. एक वयाचा व दुसरा वास्तव्याचा. पहिल्या दरवाज्याची किल्ली घटनेनें दिली. दुसऱ्या दरवाज्याची किल्ली गांवोगांवच्या नोंदणी-अधिकाऱ्याच्या खिशांत राहिली. अमेरिकेंत मतदारांच्या यादींत नांव घालण्यासाठीं बहुतेक ठिकाणीं नागरिकानें स्वतः अर्ज करावा लागतो, आणि तो अर्ज काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडील लहानशा जिल्ह्यासारख्या विभागाच्या, कचेरींत जातो. अर्जदार त्या काउंटीचा रहिवासी आहे किंवा नाहीं, हें ठरविण्याचें काम त्या कचेरीचें. विद्यार्थी तेथें अर्ज घेऊन गेला, कीं त्यास विचारण्यांत येई, 'बाळ, तुझें घर कोठें आहे?'

या प्रश्नामागें गांवाची भीति होती, आणि तिला अगदींच आधार नव्हता असें आम्ही म्हणणार नाहीं. दोन-चार हजार वस्तीच्या गांवीं तितक्याच विद्यार्थ्यांचें कॉलेज असलें, तर सगळे विद्यार्थी एके दिवशीं मतास येऊन गांवाचा कारभार हातीं घेतील, शाळेचा व रस्त्याचा कर वाढवून ठेवतील, आणि चार वर्षांनीं गांठोडें बांधून निघून जातील. मागें राहिलेल्यांनीं तो कर भरीत बसावें, असा हा पक्ष आहे. परंतु त्याचें उत्तरहि तितकेंच स्पष्ट आहे. बदलीवर आलेला मामलेदार किंवा बँकेचा कारकून हाहि तीन वर्षांनीं जाणारच असतो. त्यास कोणी विचारीत नाहीं कीं, तूं पुढें कोठें राहणार? विद्यार्थी गांवच्या रस्त्यानें चालतो, गांवचें पाणी पितो, गांवच्या दुकानांतून माल घेऊन विक्रीचा कर भरतो, गांवच्या पोलिसाच्या आज्ञेंत राहतो. शिवाय १९५० पासून अमेरिकेच्या शिरगणतींत विद्यार्थ्यास कॉलेजच्या गांवचाच रहिवासी धरतात, आणि त्या शिरगणतीवरून त्या गांवास प्रतिनिधित्वाचा वांटा मिळतो. डोकें मोजावयाचें आणि त्या डोक्यांतील मत मात्र मोजावयाचें नाहीं, ही रीत न्यायाची म्हणतां येणार नाहीं.

ही लढाई जेथें सर्वांत दीर्घ चालली, तें स्थळ म्हणजे टेक्ससमधील प्रेअरी व्ह्यू. ह्यूस्टन शहराच्या वायव्येस सुमारें पन्नास मैलांवर, वॉलर काउंटींत, १८७६ सालीं कृष्णवर्णीय तरुणांच्या शिक्षणासाठीं राज्यानें स्थापिलेली ही विद्यासंस्था. ज्या भूमीवर ती उभी आहे, तेथें पूर्वीं गुलामांच्या श्रमांवर चालणारा जमीनदारी मळा होता. काउंटीचा कारभार गोऱ्या लोकांच्या हातांत. संस्थेंतील विद्यार्थी बहुतेक सर्व काळे. म्हणजे विद्यार्थ्यांविषयींची साधी गांवभीति आणि शंभर वर्षांचा वर्णद्वेष, हीं दोन्हीं येथें एकत्र आलीं.

सव्विसाव्या दुरुस्तीनंतर हे विद्यार्थी नोंदणीस जाऊं लागले, तेव्हां काउंटीचे कर-अधिकारी लीरॉय सिम यांनीं, कारण मतदारांची नोंदणीहि त्यांच्याकडेच होती, त्यांच्या हातीं एक प्रश्नपत्रिका दिली. तुमची येथें स्वतःची मिळकत आहे काय? येथें नोकरी आहे काय? तुमच्या मोटारीची नोंद या काउंटींत आहे काय? टेलिफोनच्या यादींत तुमचें नांव आहे काय? येथील एकाद्या देवळाचे किंवा मंडळाचे तुम्ही सभासद आहां काय? सुटींत तुम्ही कोठें राहतां? शिक्षण संपल्यावर काय करण्याचा विचार आहे? कायमचे येथेंच राहणार काय? यांतील प्रत्येक प्रश्न सुटा पाहिला तर निरुपद्रवी दिसतो. पण अठरा वर्षांच्या, वसतिगृहांत राहणाऱ्या, गरीब घरच्या मुलास या प्रश्नांचीं हवीं तशीं उत्तरें देणें अशक्य होतें, हें उघड आहे. आणि ज्या अर्जदारास अधिकारी किंवा त्याचे मदतनीस ओळखत असत, त्यास ही पत्रिका भरावीच लागत नसे. अधिकाऱ्याची ओळख हीच रहिवासाची कसोटी झाली, आणि त्याची ओळख कोणाशीं असावयाची, हें सांगण्याची जरूर नाहीं.

विद्यार्थ्यांनीं न्यायालयाचा रस्ता धरला. हा रस्ता सरळ नव्हता. १९७३ मध्यें विद्यार्थ्यांस मूळ गांवचेच रहिवासी समजावें अशा अर्थाचें टेक्ससचें कलम संघन्यायालयानें रद्द केलें. पण पुढच्याच वर्षीं त्याच न्यायालयानें सिम यांची प्रश्नपत्रिका मात्र ग्राह्य ठरविली. अखेर संघसरकारनें स्वतः फिर्याद केली. १९७८ मध्यें तीन न्यायाधीशांच्या न्यायालयानें ही पद्धति सव्विसाव्या दुरुस्तीच्या विरुद्ध असल्याचा निकाल दिला व तिला मनाई केली. सिम सर्वोच्च न्यायालयाकडे गेले; १५ जानेवारी १९७९ रोजीं त्या न्यायालयानें विस्तृत निकालपत्र न लिहितां खालचा निकाल कायम केला. विद्यार्थी जेथें शिकतो व राहतो, तेथें इतर रहिवाशांच्याच कसोटीवर मत नोंदविण्याचा त्यास हक्क आहे, हें तत्त्व देशभर मान्य झालें.

तत्त्व मान्य झालें. पण वॉलर काउंटी मानली नाहीं. १९९२ मध्यें तेथें १९ विद्यार्थ्यांवर बेकायदा मतदानाचे आरोप ठेवण्यांत आले, आणि संघसरकारच्या न्यायखात्यानें हरकत घेतल्यावर ते सोडून द्यावे लागले. २००३ च्या नोव्हेंबरांत काउंटीच्या सरकारी वकिलानें पत्र लिहून, विद्यार्थी हे आपोआप येथील रहिवासी ठरत नाहींत, असें पुनः प्रतिपादिलें. आणि चोवीस वर्षांपूर्वीं निकालांत निघालेली गोष्ट पुनः न्यायालयांत न्यावी लागली. २००४ मध्यें त्या वकिलास आपलें म्हणणें मागें घ्यावें लागलें. २००८ मध्यें निवडणुकीच्या दिवसापूर्वीं मत देण्याची सोय काउंटीनें प्रथम फक्त हेंपस्टेड या मुख्य ठिकाणीं ठेवली. १९ फेब्रुवारी रोजीं हजाराहून अधिक विद्यार्थी सुमारें सात मैल रस्ता पायीं तुडवीत तेथें मत देण्यास गेले.

या कथेचें तात्पर्य आम्हांस असें दिसतें कीं, विद्यार्थ्याच्या हक्काचा शत्रु कायद्यापेक्षां काल हा आहे. अधिकारी वीस-वीस वर्षें एका खुर्चीवर बसतो. विद्यार्थी चार वर्षांत निघून जातो. १९७९ मध्यें जिंकलेली पिढी १९९२ मध्यें तेथें नव्हती, आणि १९९२ ची पिढी २००४ मध्यें नव्हती. प्रत्येक नव्या पिढीस वडिलांची लढाई मुळापासून शिकावी लागली. कचेरीस स्मरणशक्ति असते. तिची दप्तरें तिच्या फडताळांत असतात. विद्यार्थ्यांच्या समुदायास स्मरणशक्ति नसते, ती मुद्दाम निर्माण करावी लागते. प्रेअरी व्ह्यू येथील मुलांचें खरें यश कोणत्याहि एका निकालांत नसून, दर दहा-पंधरा वर्षांनीं लागणारी ही आठवण त्यांनीं एका पिढीकडून दुसरीकडे पोंचविली, यांत आहे.

आतां पत्राची हकीकत. टेक्ससच्याच राजधानींत, ऑस्टिन येथील विश्वविद्यालयांत, १९८२ सालीं ग्रेगरी वॉटसन नांवाचा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी राज्यशास्त्राच्या वर्गासाठीं निबंधाचा विषय शोधीत होता. स्त्रीपुरुषांच्या समान हक्काच्या दुरुस्तीवर लिहावें, असा त्याचा बेत होता. ग्रंथालयांत धुंडाळतांना त्याच्या हातीं एक पुस्तक लागलें, त्यांत काँग्रेसनें मंजूर केलेल्या, पण राज्यांची पुरेशी संमति न मिळालेल्या दुरुस्त्यांची यादी होती. त्यांतील एक दुरुस्ती जेम्स मॅडिसन यांनीं तयार केलेली, २५ सप्टेंबर १७८९ रोजीं राज्यांकडे पाठविलेली. तिचा आशय एवढाच कीं, काँग्रेसच्या सभासदांनीं स्वतःच्या वेतनांत फेरफार केला, तर तो मध्यंतरीं प्रतिनिधिगृहाची एक निवडणूक होईतोंपर्यंत अंमलांत येऊं नये. म्हणजे ज्यानें आपला पगार वाढविला, त्यानें आधीं मतदारांच्या दारीं जाऊन यावें. त्या दिवशीं राज्यांकडे बारा दुरुस्त्या गेल्या होत्या. त्यांपैकीं दहा १७९१ मध्यें संमत होऊन त्यांची सुप्रसिद्ध हक्कांची सनद झाली. ही मात्र मागें राहिली. पुढें ओहायो राज्यानें १८७३ मध्यें व वायोमिंगनें १९७८ मध्यें तिला संमति दिली. बाकी सर्व सामसूम.

वॉटसनच्या ध्यानांत असें आलें कीं, या दुरुस्तीस कालमर्यादा घातलेलीच नव्हती; म्हणून ती मेलेली नाहीं, केवळ निजलेली आहे. त्यानें निबंधांत तेंच प्रतिपादिलें. अध्यापिकेस तें पटलें नाहीं, आणि निबंधास 'सी' म्हणजे मध्यम प्रतीचा गुण मिळाला. अध्यापिकेची बाजू अगदींच पोकळ नव्हती, हेंहि येथें नमूद केलें पाहिजे. कारण दुरुस्तीस वाजवी मुदतींत संमति मिळाली पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९२१ मध्यें म्हटलेलें होतें. पण १९३९ च्या दुसऱ्या एका निकालानें ती मुदत ठरविण्याचें काम काँग्रेसवर सोंपविलें होतें. म्हणजे वाट बिकट होती, पण बंद नव्हती.

दुसरा एकादा विद्यार्थी गुणपत्रिका खिशांत घालून पुढच्या परीक्षेस लागला असता. वॉटसन पत्रें लिहूं लागला. काँग्रेसच्या सभासदांस त्यानें विचारलें कीं, तुमच्या राज्याच्या विधिमंडळांत ही दुरुस्ती मांडील असा कोणी आहे काय? पुष्कळांनीं उत्तरच दिलें नाहीं. कांहींनीं ही गोष्ट फार जुनी झाली असें कळविलें. मेन राज्याचे सीनेटर विल्यम कोहेन यांनीं मात्र तें पत्र आपल्या राज्यांत पोंचतें केलें, आणि १९८३ मध्यें मेनच्या विधिमंडळानें संमति दिली. १९८४ मध्यें कोलोरॅडोनें दिली. त्यानंतर वॉटसननें एकामागून एक राज्यांच्या विधिमंडळांतील सभासदांस पत्रें धाडण्याचा सपाटा लावला. सुमारें सहा हजार डॉलर त्यानें पदरचे खर्च केले. ७ मे १९९२ रोजीं मिशिगनची संमति आली. अडतीस राज्यांची संख्या पुरी झाली असें धरण्यांत आलें. १८ मे रोजीं राष्ट्रीय दप्तरखान्याच्या प्रमुखांनीं दुरुस्ती घटनेचा भाग झाल्याचें प्रमाणित केलें. आणि २० मे रोजीं काँग्रेसच्या दोन्ही गृहांनीं, एकांत ९९ विरुद्ध ० व दुसऱ्यांत ४१४ विरुद्ध ३ मतांनीं, ती मान्य केली. स्वतःच्या पगारास लगाम घालणाऱ्या दुरुस्तीविरुद्ध उघडपणें हात वर करण्याचें धैर्य फारच थोड्यांस झालें! विश्वविद्यालयानें २०१७ मध्यें वॉटसनचा तो जुना गुण बदलून 'ए' केला. दुरुस्ती संमत होऊन तोंवर पंचवीस वर्षें लोटलीं होतीं.

या कथेवरून एकट्या तरुणानें राज्यघटना बदलली, असा अद्भुत अर्थ काढणें बरोबर होणार नाहीं. त्या दशकांत काँग्रेसच्या पगारवाढीवर लोक चिडलेले होते. जमीन नांगरून तयार होती. पण तयार जमिनींतहि बीं कोणी तरी टाकावें लागतें. शिवाय वॉटसनच्या पत्रांतील युक्ति लक्षांत घेण्यासारखी आहे. त्यानें सरकार वाईट आहे अशी सर्वसाधारण तक्रार केली नाहीं. नेमकी एक गोष्ट, ती करण्याचा अधिकार ज्याच्या हातीं आहे अशा नेमक्या माणसाकडे, त्यास करतां येईल अशा रूपानें मागितली. ज्यांनीं उत्तर दिलें नाहीं त्यांच्यावर रागावून तो स्वस्थ बसला नाहीं, तर दुसऱ्यास लिहिलें. प्रतिनिधीस पत्र लिहिण्याचें शास्त्र म्हणून जें कांहीं असेल, तें एवढ्यांत आलें.

या दोन हकीकती आम्ही परदेशची मौज म्हणून सांगितल्या नाहींत. आपल्या देशांत १९५० च्या राज्यघटनेनें जात, धर्म, लिंग, मिळकत वा शिक्षण न पाहतां एकवीस वर्षांच्या प्रत्येकास मत दिलें. एकसष्टाव्या दुरुस्तीनें २८ मार्च १९८९ पासून तें वय अठरा झालें. म्हणजे वयाचा दरवाजा आपल्याकडेहि उघडलेला आहे. पण वास्तव्याचा? लोकप्रतिनिधित्वाच्या १९५० च्या कायद्यांत 'सामान्यतः रहिवासी' असे शब्द आहेत. केवळ घर मालकीचें आहे म्हणून मनुष्य तेथील रहिवासी ठरत नाहीं, आणि तात्पुरता बाहेर गेला म्हणून त्याचा रहिवास बुडत नाहीं, असें तो कायदा सांगतो. एका माणसाचें नांव एकाच ठिकाणीं असलें पाहिजे, हेंहि त्यांत आहे. त्यामुळें वसतिगृहांतील विद्यार्थ्यास दोन वाटा मोकळ्या आहेत. आईबापांच्या घरच्या पत्त्यावर नांव ठेवावें, किंवा शिक्षणसंस्थेच्या दाखल्यासह वसतिगृहाच्या पत्त्यावर घालावें. पूर्वीं १ जानेवारीस अठरा वर्षें पुरीं नसलीं तर वर्षभर थांबावें लागे. २०२१ च्या कायद्यानें १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर असे चार दिवस ठरविले आहेत.

म्हणजे आपल्याकडे वॉलर काउंटीची प्रश्नपत्रिका नाहीं. पण तिच्यापेक्षां सौम्य, आणि म्हणूनच अधिक घातक, अशी एक गोष्ट आपल्या घरांतच आहे. कोंकणांतला मुलगा मुंबईस, विदर्भांतली मुलगी पुण्यास शिकावयास जाते. मराठी माणसास 'तुमचें गांव कोणतें?' असें विचारलें, तर तीन पिढ्या शहरांत राहूनहि तो आजोबांच्या गांवाचें नांव सांगतो. हा जिव्हाळा चांगला. पण मतदानाचा दिवस परीक्षेच्या आदल्या आठवड्यांत आला, गाडीचें तिकीट मिळालें नाहीं, तर गांवच्या यादींतलें नांव तेथेंच राहतें आणि त्या नांवाचा धनी वसतिगृहाच्या खिडकींतून शहरांतली मिरवणूक पाहत राहतो. घरचीं वडील माणसें म्हणतात, 'आधीं परीक्षा. मत पुढच्या खेपेस देतां येईल.' त्यांच्या म्हणण्यांत माया आहे, परंतु हिशेब नाहीं. पुढच्या खेपेस तो मुलगा तेवीस वर्षांचा होऊन नोकरीसाठीं तिसऱ्याच गांवीं गेलेला असेल. मतदान न करण्याचीहि संवय लागते, आणि ती पहिल्याच खेपेस लागते.

पत्राच्या बाबतींत तर आमची उदासीनता याहून अधिक आहे. वसतिगृहाचें पाणी, शिष्यवृत्तीचा खोळंबा, कॉलेजच्या वाटेवरचा अंधार, या गोष्टींविषयीं आमचीं मुलें आपसांत रात्र रात्र बोलतात. पण त्या विभागाचा नगरसेवक कोण, आमदार कोण, आणि यांपैकीं कोणती गोष्ट कोणाच्या अखत्यारांतली, हें दहांतून एकासहि सांगतां येईल किंवा नाहीं, याची आम्हांस शंका आहे. शिष्यवृत्तीची तक्रार नगरसेवकाकडे आणि रस्त्यावरच्या दिव्याची तक्रार खासदाराकडे गेली, म्हणजे उत्तर येत नाहीं. आणि उत्तर आलें नाहीं, म्हणजे लिहून उपयोग नाहीं असा सिद्धांत ठरतो. ज्याच्या यादींत नांव नाहीं, त्याचें पत्र वजनास हलकें. आणि ज्याचें नांव यादींत असून जो कधीं पत्र लिहीत नाहीं, त्याचें मत मुकें. दोन्हीं एकमेकांस लागून आहेत.

सुशिक्षित घराण्यांत मुलगा अठरा वर्षांचा झाला, कीं त्याच्या नांवें बँकेंत खातें उघडतात, त्याचे दाखले नीट फायलींत लावून ठेवतात. त्याच आठवड्यांत आणखी एक अर्ज भरावा, मुलीचाहि भरावा. आणि नांव गांवीं ठेवावें कीं वसतिगृहाच्या गांवीं, याचा निर्णय वडिलांनीं परस्पर न करतां त्या मुलानें किंवा मुलीनें स्वतः करावा, एवढेंच आमचें सांगणें आहे. तुझें घर कोठें आहे, हा प्रश्न प्रेअरी व्ह्यूच्या मुलांस परक्या अधिकाऱ्यानें विचारला, आणि त्याचें उत्तर देण्यांत त्यांच्या पिढ्या खर्च झाल्या. आपल्या मुलांस तो प्रश्न घरच्या माणसांनींच प्रेमानें विचारावा, आणि तीं जें उत्तर देतील तें अर्जावर लिहूं द्यावें.